स्टँडचं तोंड दक्षिणेला

कुणी सोलरचं कोटेशन माझ्यापुढे धरलं की आजही माझं डोकं फिरतं. ऐंशीच्या दशकात आमच्या चारकोपच्या बैठ्या घरीही असंच एक आलं होतं, पाणी तापवायच्या सोलरचं. आईसाठी. बाबांच्या अंघोळीचं उकळतं पातेलं ओट्यावरच्या स्टोव्हवरून उतरवताना तिचे दोन्ही हात भाजले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा भाजलं तर बोटं वळायची नाहीत.

कोटेशन इंग्रजीत. मी कॉलेजात सायन्सला, म्हणून बाबांना समजावायला बसले. कलेक्टर म्हणजे काच लावलेली काळी पेटी, तिच्यात पाणी तापतं. टाकीला आतून जाड अस्तर, म्हणून ते सकाळपर्यंत गरम राहतं. आणि लोखंडी स्टँड, त्याचं तोंड दक्षिणेला, कारण आपल्याकडे वर्षातले बरेच महिने सूर्य तिकडेच कललेला असतो. या ओळीखाली मी पेन्सिलीने दोन रेघा मारल्या. बाबा मान डोलवत होते. मला वाटलं, कळलं!

कसलं काय! पेटी बसली त्या दिवशी मी कॉलेजात होते. नंतर महिनाभर पाणी कोमटच. "फसवलं गं मेल्यांनी," बाबा रोज शिव्या घालायचे, आणि आई बोटांना फडकी गुंडाळून पुन्हा पातेलं उचलायची. शेवटी मी गच्चीवर जाऊन बघितलं. पेटीचं तोंड पूर्वेला! समोर शेजाऱ्यांनी चढवलेला मजला, अकरापर्यंत नुसती सावली.

"कुणी फिरवलं हे?" मी वरूनच ओरडले.

"मी," बाबा जिना चढत म्हणाले. "दक्षिण यमाची दिशा. आपल्या घरात तिकडे तोंड करून काही मांडत नाहीत. तुला काय कळतंय त्यातलं?"

माझं टाळकंच सटकलं. तोंडाला येईल ते बोलले मी. बापाशी असं बोलू नये, ठाऊक होतं, पण महिनाभर आईची ती फडकी मी बघत होते ना! बाबा ढिम्म. वर म्हणतात कसे, "स्वयंपाकाचा ओटासुद्धा मी पूर्वेला तोंड येईल असाच बांधून घेतला. उगाच नाही."

आमचा आरडाओरडा ऐकून आई वर आली होती. तिने फडकी सोडली, दोन्ही हात बाबांपुढे धरले आणि आवाज न चढवता गावच्या बोलीत विचारलं,

"हे भाजले तेवा माजा तोंड खंय होता वो? पूर्वेकच मा?"

बाबांनी तिच्या हातांकडे बघितलं. मग पाना आणायला खाली गेले.