घागरीच्या तळाशी तांब्याभर पाणी

अक्का घागर कोपरानं धरायच्या. आमवातानं त्यांची बोटं अशी वाकली होती की घागरीचा गळा मुठीत मावायचा नाही. मग घागर कमरेवर, तिच्याभोवती कोपर, आणि डुलत डुलत आडापर्यंत. घरात पाणी भरायला मी होते. अक्कांच्या घागरीत पाणी तांब्याभरच, तेही निघताना मीच घातलेलं.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. आमचं गाव भूमजवळ. निजामाचं राज्य जाऊन पाच-सात वर्षं झाली असतील. अक्कांचं वय तिशीचं, पण सकाळी उठायला भिंत धरावी लागायची. गुडघे सुजलेले, घोटे सुजलेले. तरी उठल्या की चालायच्याच. आड, आडावरून वेस आणि परत. जाताना पाय ओढत, येताना चाल मोकळी. म्हणायच्या, "सकाळी मी लाकूड असते गं शेवंते. येशीपातूर गेलं की बाई व्हते."

चालायचं तर घागर कशाला? तर बाईनं कामाशिवाय रस्त्यावर दिसायचं नाही. पाण्याला जा, शेणाला जा, शेताला जा. नुसतं पायांसाठी चालणारीला लोक काय म्हणाले असते ते मी लिहीत नाही. म्हणून घागर. त्यात कामाला निघालेल्या पुरुषाला रिकामी घागर सामोरी आली की अपशकुन. बाकीच्या बाया माणूस दिसला की चटकन बोळात सरायच्या. अक्कांना चटकन काहीच जमायचं नाही. म्हणून ते तांब्याभर पाणी.

शेजारीण एकदा म्हणाली, "काय अक्का, सकाळधरनं तिसरी खेप, अन् रांजण कोरडाच?"

"रांजणाला भोक हाय बाई," अक्का म्हणाल्या, "तुमच्या तोंडाला झाकण न्हाय तसं."

एका बाजाराच्या दिवशी शेजारचे तात्या बैल विकायला भूमला निघाले आणि वळणावर अक्का समोर आल्या. तात्यांच्या कपाळाला आठी. अक्का घाबरल्या. "रिकामी न्हाय, बघा," म्हणून घागर तिरकी करून दाखवायला गेल्या, कोपर सुटलं आणि होतं नव्हतं ते पाणी तात्यांच्या पायावर सांडलं.

बैल विकला गेला नाही. बैल म्हातारा होता, गिऱ्हाइकानं दात बघून सोडून दिला. पण संध्याकाळी तात्या आमच्या ओसरीवर येऊन ओरडले, "तुमची थोरली आडवी आली! तिला आवरा!"

आमच्या सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या म्हणाल्या, "उद्यापास्नं बाजंवर पडायचं. काय लागंल ते हातात मिळंल."

"आत्याबाई, पडून ऱ्हायले तर पाय आखडतेत माझे."

"आखडू दे. कुणाच्या वाटंत तर येणार न्हायत. शेवंते, घागर आत ठेव."

मी ठेवली. उतरंडीमागं, अक्कांना दिसणार नाही अशी. त्याची लाज मला आजही आहे.

गाव आत्याबाईंचं कौतुक करायचं. सुनेला बसून खायला घालतात, किती जपतात! पहिल्या हिवाळ्यात अक्का मला विनवायच्या, "अंगणातल्या अंगणात तरी चालीव गं." दोनदा चालवलं. आत्याबाई खेकसल्या, मी सोडून दिलं. उन्हाळ्यापर्यंत गुडघे वाकले ते वाकलेच. मग परसात न्यायलाही उचलावं लागायचं. आजार आम्ही दिला नव्हता. पण उरलेलं चालणं आम्ही घेतलं, आणि वर त्याला माया म्हणवून घेतलं. तशी अकरा वर्षं त्यांनी बाजेवर काढली.

अक्का गेल्या तेव्हा तिरडीवर त्यांचे पाय सरळ होईनात. गुडघे तसेच वर. बांधणाऱ्यांनी दाबून पाहिलं. तात्या पुढं झाले, पंचा खांद्यावर टाकून म्हणाले, "जरा जोर लावा रे, पाय सरळ करा तिचे."

तोवर मी तात्यांसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी डोक्यावरचा पदरही नीट केला नाही.

"हात लावू नका त्या पायांना," मी म्हणाले. "तात्या, बैल विकला का वो तुमचा?"

बांधणाऱ्यांनी हात मागे घेतले. अक्कांना तसंच, गुडघे वर असतानाच, वेशीपर्यंत नेलं. वाटेत कुणाला अपशकुन झाला नाही.