स्विचच्या पेटीवरचं कुलूप

ती घटना आठवली की आजही माझं डोकं सणकतं. कॅनडातल्या वॉन शहरात, एका इंडस्ट्रियल पार्कात कोळशाच्या चाळण्या बनवणारा कारखाना होता. चाळणी म्हणजे खोलीएवढं लोखंडी यंत्र. ते गदागदा हलतं आणि धुतलेला कोळसा लहानमोठा वेगळा करतं. अशा एका चाळणीच्या आत शिरून एक वेल्डर काम करत असताना ती सुरू झाली. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली तुटला.

नियम साधा होता. आत शिरणाऱ्यानं वीज बंद करून स्विचच्या पेटीला आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. सुपरवायझरनं जबाब दिला की वेल्डर कुलूप लावायलाच विसरला. आम्ही पोलिसांनी ते लिहून घेतलं आणि फाइल जवळजवळ मिटली. आमच्याही कामाला लाज आणणारी गोष्ट होती ती.

चौथ्या दिवशी स्टेशनवर मराठी बोलणारा ऑफिसर मागत एक फोन आला; तसा मी एकटाच. त्याच कारखान्यात रंगकाम करणारी वसईची बाई होती.

"अंकल, कुलूप होतं," ती म्हणाली. "सकाळी पेटीला मीच लाल रंग दिला होता. ओल्या रंगावर कुलूप लावलं म्हणून मी त्याला बोलले पण."

मी हॉस्पिटल गाठलं. वेल्डरही वसईचाच. बायको खुर्ची लांब ओढून बसली होती. घरी गॅस चालू ठेवून जातो, तिथंही तेच केलं, असं ती मला त्याच्यादेखत सांगत होती. तो मान खाली घालून ऐकत होता.

मी विचारलं, तर म्हणाला, "साहेब म्हणाले, विसरलास. मग विसरलोच असेन."

साहेब म्हणजे तो सुपरवायझर, पुण्याचा इंजिनिअर. त्यानं याला नोकरी दिली, राहायला एका घराचं बेसमेंट बघून दिलं, पहिल्या थंडीत गाडीला बर्फात चालणारे विंटर टायर्स बसवून दिले. अपघातानंतर सगळ्यात आधी भेटायलाही तोच आला होता. उपकाराच्या ओझ्याखाली माणूस स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास ठेवेना. साहेबांचा संताप आला मला, आणि थोडा वेल्डरचाही आला.

कारखान्यात वेल्डरचा लॉकर उघडायला लावला. त्याचा फोटो चिकटवलेलं कुलूप आत होतं. सुपरवायझर म्हणाला, "बघा, लावलंच नव्हतं." मी कुलूप उजेडात धरलं. कडीच्या आतल्या बाजूला लाल रंग सुकला होता. पुरावा म्हणून ते पिशवीत सील केलं आणि साहेबांना स्टेशनवर बोलावलं.

चौकशीत तो तासभर अगदी गोड बोलत होता. मी कुलूप समोर ठेवून एवढंच विचारलं, की हे पेटीवरून लॉकरमध्ये कुणी नेलं आणि कुठल्या किल्लीनं उघडलं. तेव्हा एकेक गोष्ट त्याच्या तोंडून बाहेर आली. किल्ल्या हरवतात म्हणून सगळ्यांच्या जादा किल्ल्या त्याच्या ड्रॉवरमध्ये असायच्या. आपल्या लोकांनी त्या बिनबोभाट दिल्या होत्या, साहेबांनी मागितल्यावर नाही कसं म्हणायचं. त्या दिवशी चाळणी न्यायला ट्रक दारात उभा होता, त्याआधी ती चालवून बघायची होती. वेल्डर जेवायला गेला असेल असं समजून यानं कुलूप काढलं. वाकून आत बघायचेही कष्ट घेतले नाहीत.

"मुद्दाम नाही केलं हो," तो म्हणाला.

चाळणी चुकून सुरू केलीस, मी म्हणालो, पण कुलूप लॉकरमध्ये चुकून गेलं नाही.  पुढे कोर्टात त्याला शिक्षा झाली.

चौकशी झाली त्याच संध्याकाळी मी परत हॉस्पिटलला गेलो आणि दोघांना सगळं सांगितलं. बायकोनं नवऱ्याला विचारलं, "लावलं होतंस ना तू?" त्यानं मान वर केली. मग म्हणाला, "लावलं होतं." तिनं खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि ती ढसाढसा रडली.

नोकरीतून निवृत्त झालो तरी एक सवय गेली नाही. जखमी माणसाचीच चूक होती असं कुणी सांगितलं, की मी आधी विचारतो, हे त्याच्या उशाशी जाऊन पहिल्यांदा कोण बोललं.