चोवीस चिठ्ठ्या

दोरखंडांच्या कारखान्यात सगळे तिला ताणबाई म्हणत. बावीस वर्षं तिचं काम एकच: दोर तुटेपर्यंत ताणायचा आणि किती वजनाला तुटला ते वहीत लिहायचं.

त्या सकाळी नवे साहेब ती वही घेऊन आले. चार यंत्रं, प्रत्येकाचे सहा दोर. तिसऱ्या यंत्राची सरासरी सगळ्यांत कमी, सगळ्यांत वरच्या पहिल्या यंत्रापेक्षा नऊ किलोंनी.

"तिसऱ्यावरच्या माणसाला उद्यापासून घरी बसवा."

तो माणूस ताणबाईच्या थोरल्या बहिणीचा नवरा.

"साहेब, आधी एक करून बघा. भाऊजी माझे, म्हणून मी नुसतं लिहून देते; पुढचं सगळं तुमच्या हातानं."

तिनं चोवीस आकडे चोवीस चिठ्ठ्यांवर लिहिले; यंत्राचा नंबर कुठेच नाही. चिठ्ठ्या डब्यात हलवायच्या, न बघता सहा-सहाचे चार गठ्ठे करायचे, आणि सगळ्यांत वरच्या व खालच्या सरासरीतलं अंतर काढायचं. असं शंभर वेळा.

"पत्ते कुटायला बसवता की काय मला?" साहेब हसले.

"कुटा की. नुसत्या हलवण्यानं नऊ किलोंचं अंतर क्वचितच पडलं, तर वहीतलं अंतर योगायोग नाही; भाऊजींना मीच घरी पाठवते."

पहिल्या वाटपात अंतर पडलं अकरा. साहेबांनी भुवया उंचावल्या. मग चार. मग बारा. हळूहळू त्यांचं हसणं थांबलं. जेवणाची सुट्टी कधी झाली, त्यांना कळलंही नाही. दर वेळी कुठलातरी गठ्ठा तळाला जाऊन अपराध्यासारखा बसे, आणि त्याच्यामागे ना यंत्र, ना माणूस, ना कुणाची चूक! जुन्या तपासनिसांनी ही रीत शिकवली तेव्हापासून ताणबाई ती कितीदा तरी बघत आली होती. आजही तिच्या अंगावर काटा आला.

शंभरात अडतीस वेळा अंतर नऊ किंवा जास्त.

"नुसत्या हलवण्यानं?" साहेब कुजबुजले. "कुणी काही केलं नाही, तरी कुणीतरी शेवटी."

"भाऊजींचं यंत्र खरंच कमी असेलही, साहेब. पण एवढ्या दोरांवरून ते सांगता येत नाही."

"मग किती लागतील?"

"प्रत्येकाचे साठ तरी."

साहेब स्वतः उठून तिसऱ्या यंत्रापाशी गेले. "उद्या वेळेवर या. तपासणीला साठ दोर हवेत."

"साठ?" भाऊजी ओरडले. "मेहुणीनं माझ्या जिवावर उठायचं ठरवलंय का?"