दुसऱ्या कप्प्याचं झाकण

गोदीतले हमाल तिला ‘मीठबाई’ म्हणत. भिजलेलं पोतं दिसलं की ती पिशवीतून सिल्व्हर नायट्रेटची बाटली काढायची आणि ओल्या जागेवर एक थेंब सोडायची. डाग दुधासारखा पांढरा झाला की पाणी समुद्राचं. विमा कंपन्यांसाठी बोटीवरचा माल तपासण्यात तिची अठ्ठावीस वर्षं गेली होती. चेहरा कोरा, बोलणं मोजकं. “बाईंच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे गंजलेला बोल्ट फिरवणं,” असं मुकादम म्हणायचा. ते कानावर आलं तेव्हा ती चक्क हसली होती.

एकदा कॉफीची पोती घेऊन निघालेली एक बोट वादळातून कशीबशी धक्क्याला लागली. बोटीच्या पोटात माल भरायच्या दुसऱ्या कप्प्यातल्या निम्म्या पोत्यांचा लगदा झाला होता, आणि बोटीचा चीफ ऑफिसर परतलाच नव्हता. कप्प्यात पाणी शिरतंय म्हटल्यावर तो झाकणाकडे धावला, आणि लाटेने त्याला उचलून नेलं.

“झाकणाचे क्लॅम्प त्यानेच नीट आवळले नव्हते,” कप्तान म्हणाला. म्हणताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

यात कुणाचा फायदा आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं. वाटेत बोट सांभाळताना खलाशाची चूक झाली, तर मालक कायद्याचा आधार घेऊन अंग काढून घेऊ शकत होता. पण बोट निघतानाच धड नसेल, आणि मालकाने ती नीट तपासलेली नसेल, तर नुकसान त्याच्या गळ्यात. मेलेला माणूस काही उलटून बोलणार नव्हता.

दोन दिवस ती त्या झाकणापाशी गुडघे टेकून बसली. एकूण एक क्लॅम्प शेवटच्या आट्यापर्यंत आवळलेला होता. दोन तर जोर लावल्यामुळे वाकले होते. मग तिने झाकणाच्या कडेचं रबर चाकूने उचकटलं. त्याचा भुगा हातात आला. रबराला भेगा होत्या आणि भेगांच्या आत जुना रंग वाळलेला होता. म्हणजे भेगा रंगाच्या आधीच्या. कुणीतरी मेलेल्या रबरावर रंग फासून बोट समुद्रात ढकलली होती.

तिसऱ्या दिवशी चीफ ऑफिसरचे वडील तिच्या ऑफिसात आले. निवृत्त पोस्टमन. खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत.

“एकच विचारायचंय, बाई. माझ्या मुलाने हयगय केली का? त्याची आई सारखी तेच विचारते.”

उत्तर तिच्या जिभेवर होतं. पण प्रकरण लवादापुढे जाणार होतं. “निकाल लागेपर्यंत मला काही बोलता येणार नाही, काका,” ती म्हणाली.

“बरं,” म्हणून ते जिना उतरून गेले.

“सांगून टाकायचंस गं,” त्या रात्री घरी तिची धाकटी बहीण म्हणाली. “एका शब्दाने काय बिघडलं असतं?”

“उद्या मालकाच्या वकिलाने विचारलं असतं, घरच्यांशी आधी काय बोलणं झालं? मग माझ्या साक्षीची किंमत शून्य. आणि डाग त्यांच्या मुलावरच राहिला असता.”

बहिणीला ते पटलं. मीठबाईला मात्र कित्येक रात्री धड झोप लागली नाही.

सुनावणीला अकरा महिने लागले. मालकाच्या वकिलाने तिला उभं-आडवं घेतलं. ती एका शब्दानेही ढळली नाही. निकाल मालकाच्या विरुद्ध गेला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की चीफ ऑफिसरने आपलं काम चोख केलं होतं.

निकालाची प्रत घेऊन ती स्वतः त्यांच्या घरी गेली. दार काकांनीच उघडलं. तिने ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं.

“पुन्हा वाचता का?” ते म्हणाले. तिने पुन्हा वाचलं.

“काकू कुठे आहेत?”

“ती गेली. चार महिने झाले.” त्यांनी कागदाची नीट घडी घातली. “शेवटी शेवटी म्हणायची, पोरगं लहानपणापासून धांदरट, राहिलं असेल हातून. त्याला माफ करून टाकलं होतं तिने.”

“काका, मी त्या दिवशी...”

“तुम्ही बरोबर होतात,” ते म्हणाले, आणि तिच्यासाठी पाणी आणायला आत गेले. त्यांना यायला बराच वेळ लागला.

नंतरही तिने शेकडो बोटी तपासल्या, आणि निकालाआधी कधी कुणाला काही सांगितलं नाही. फक्त कुणी जिवानिशी गेलेलं असलं, की अहवालाला ती एक दिवसही जास्त लावत नसे.