दाजींच्या गाडीचा जाड टायर

माझ्या मामाला सगळे इंचमामा म्हणतात. त्याचं टायरचं दुकान म्हणजे गल्लीच्या टोकाचा एक गाळा. आत हवेचा पंप, पंक्चर बघायला पाण्याची टाकी, आणि वर छताला टांगलेले टायर. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, जाड टाक, गाडी भारी दिसली पाहिजे. मामा त्याच्या तोंडाकडे बघतसुद्धा नाही. चाक काढतो, जुना टायर उतरवतो, रिमच्या दोन काठांमध्ये इंचाची पट्टी धरतो आणि सांगतो, हिला एवढाच बसेल, पटत नसेल तर पुढे दुकान आहे. एक जण फारच हटून बसला तेव्हा मामा म्हणाला, "तुझ्या बापाला बालवाडीच्या खुर्चीत बसव आणि मग मला सांग, तो बसलाय की अडकलाय."

मी नववीत शाळा सोडली. आता बेकरीत खोकी बांधते. शाळा सोडली तेव्हा घरात सगळे तोंड पाडून बसले होते. एकटा मामा म्हणाला, पोरगी हाताने काम करेल आणि खाईल, तुमचं काय जातंय. म्हणून त्याच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. हे लिहितेय तेही त्याला विचारूनच. म्हणाला, लिही, आणि मला चांगला दाखवू नकोस.

तर, असा हा मामा माझ्या बाबांपुढे मात्र मांजर होतो. गाळा मिळत नव्हता तेव्हा मालकाकडे बाबांनी शब्द टाकला होता, ते तो विसरत नाही. बाबा शिलाई मशीन दुरुस्त करतात, घरोघर फिरून. त्यांची मोटरसायकल माझ्याहून म्हातारी आहे, बारीक चाकांची. मागचा टायर पार गुळगुळीत झाला तेव्हा मामा स्वतःच येऊन गाडी घेऊन गेला. म्हणाला, दाजी, हा माझ्याकडून.

आता त्या रिमला लागतो बारीक टायर. तसा एक वर टांगलेला होताच. पण तो अगदीच साधा, हातात घेतला तर सायकलचा वाटावा. मामाला लाज वाटली. ज्या माणसाने आपलं दुकान उभं केलं त्याला हे द्यायचं? त्याने दुकानातला सगळ्यात भारीतला काढला, रुंद आणि खोल नक्षीचा. पट्टी खिशात होती, ती खिशातच राहिली. टायर एका बाजूने चेनकव्हरला घासायला लागला, तर मामाने हातोडी घेतली आणि कव्हर जरा बाहेर वाकवलं. म्हणजे त्याला कळत होतं. हेच त्याला आजपर्यंत गिळता येत नाही.

बाबा मात्र खूश दिसले. शेजारी येऊन बघून गेले. बाबा त्या टायरला फडकं मारायचे, आधी कधी मारलं नव्हतं.

मग एकदा आईला मागे बसवून मावशीकडून येत होते. वळणावर थोडी खडी होती. गाडी जरा कलली आणि एकदम आडवीच झाली. बाबांना खरचटलं, आईचं मनगट मोडलं. प्लास्टर होईपर्यंत आईने बाबांना सोलून काढलं. वय झालं, हात चालत नाहीत, हौस मात्र जात नाही. मामा दवाखान्यात फळं घेऊन आला होता. बाबा त्याला म्हणाले, माझेच हात थरथरले असतील रे. मामाने मान खाली घातली. आम्हाला वाटलं, बहिणीसाठी वाईट वाटतंय.

त्यानंतर बाबांनी गाडीला हात लावला नाही. तेही ठीक होतं. पण मग ते मशीनलाही हात लावेनात. गिऱ्हाईक आलं की सांगायचे, दुसरा बघा, माझे हात गेले. मला सुईत दोरा ओवायला सांगायचे. हा माणूस डोळे मिटून ओवायचा. डाव्या हाताने जेवायला वाढतानाही आई टोमणे मारत होती. शेवटी बाबांनी गाडीला गिऱ्हाईक बघितलं.

ते येणार म्हणून मी गाडी धुवायला घेतली. चेनकव्हर बाहेर आलेलं, त्यावर हातोडीच्या खुणा. टायर एका कडेने घासून चकचकीत झालेला, आणि झिजला होता तो फक्त मधोमध. लहानपणापासून मामाच्या दुकानात बसलेय, एवढं मला कळतं. बारीक रिममध्ये जाड टायर कोंबला की कडा आत ओढल्या जातात आणि मधलं पोट फुगतं. सरळ रस्त्यावर चालतं. वळणावर तेच पोट दगा देतं.

फडकं हातात तसंच घेऊन मी दुकानात गेले. विचारलं, बाबांच्या गाडीला पट्टी लावली होतीस का? मामा ट्यूब घासत होता. घासतच राहिला. मग म्हणाला, नव्हती.

"मग दवाखान्यात तोंडात काय धरलं होतंस?"

म्हणाला, ताईचा हात बरा होईल, मग कधीतरी गाडी आणून गुपचूप बदलेन असं ठरवलं होतं. रोज सकाळी ठरवायचा आणि रोज आणखी जड व्हायचं. गाडी विकायची चाललीय हे त्याला माहीत नव्हतं. बाबांनी मशीनचं काम सोडलं हे तर नव्हतंच माहीत. ते सांगितल्यावर त्याने ट्यूब खाली ठेवली, आकडीने छताचा तो साधा, बारीक टायर काढला आणि शटर ओढलं.

घरी पोचलो तर गिऱ्हाईक गाडीभोवती फिरत होतं. इंजिनला नावं ठेवून झाली होती. "टायर मात्र एक नंबर आहे," म्हणालं. मामा तिथेच त्याच्यासमोर बोलला.

"दाजी, तुमचे हात ठीक आहेत. टायर चुकीचा आहे. मी मुद्दाम टाकला, तुम्हाला भारीतला द्यायचा म्हणून. मला बसवतानाच कळलं होतं."

बाबांनी वाकून त्या चाकावर हात फिरवला. मला वाटलं, आता मामाची खैर नाही. पण बाबांचंच तोंड उतरलं.

"पहिल्या दिवसापासून वळायला जड वाटत होती," ते म्हणाले. "म्हटलं, तू एवढ्या प्रेमाने दिलंस, त्यात खोड कशी काढायची."

दारात आई उभी होती, प्लास्टरचा हात छातीशी धरून. तिने एकदा मामाकडे बघितलं, एकदा बाबांकडे. "आणि मी रोज यांना टोचून खात होते," एवढंच म्हणाली आणि आत गेली. गिऱ्हाईकसुद्धा ओशाळलं बिचारं. काही न विचारता चालायला लागलं.

मामाने अंगणातच चाक उतरवलं. पट्टी लावली आणि बाबांना हाक मारून आकडा वाचायला लावला. बारीक टायर बसवला, कव्हर ठोकून सरळ केलं. बाबा फेरी मारायला गेले. मामा भिंतीकडे तोंड करून बसला. परत आल्यावर बाबा त्याला म्हणाले, "वळते रे." मग त्यांनी खाटेखालची हत्यारांची पिशवी काढली आणि गाडीला बांधली.

मामा अजून येतो. दारातच उभा राहून ताईच्या मनगटाची चौकशी करतो. बाबा म्हणतात, अरे आत ये, बस. तो म्हणतो, नको, हात ग्रीसचे आहेत.

मी बघितलेत त्याचे हात. स्वच्छ असतात.