लेस्टरचा झेंडू

सुप्रभावहिनींनी सहा वर्षं देवाला तण वाहिलं आणि देवानेही ते मुकाट्याने घेतलं. मी याला साक्षी आहे, कारण त्यातली निम्मी फुलं मीच खुडलेली आहेत.

वहिनींचे यजमान, डॉक्टर पद्माकर, आणि आमचे हे लेस्टरच्या एकाच हॉस्पिटलात. १९६५ साली वहिनींनी मेथी-कोथिंबीर लावायला कौन्सिलकडून अलॉटमेंट घेतली, म्हणजे भाड्याचा भाजीचा पट्टा. त्याच उन्हाळ्यात चर्चच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात त्यांना केशरी फुलांचं एक रोप मिळालं. वहिनी गिरगावच्या चाळीत वाढलेल्या. झेंडू त्यांनी पाहिला तो टोपलीत नाहीतर तोरणात. त्याचं पान कसं असतं हे बघायची वेळच आली नव्हती. केशरी म्हणजे झेंडू, विषय संपला. मी विचारलं, झेंडू एवढासा आणि चपटा? तर म्हणाल्या, "अगं, इथल्या वेदरमध्ये माणसं आकसतात, झेंडूचं काय घेऊन बसलीस?"

वासावरून तरी कळायला हवं होतं. पण देवाची फुलं हुंगायची नाहीत हा त्यांच्या आईचा दंडक. उमललेलं प्रत्येक फूल आम्ही दोघी रोज सकाळी नाक लांब ठेवून खुडत असू. काही घरच्या देवांना, काही अलॉटमेंटच्या शेडमधल्या कॅलेंडरवरच्या गणपतीला. रोप हिवाळाभर बर्फाखाली राही आणि वसंतात पुन्हा हिरवंगार होई. झेंडू असा वर्षानुवर्षं जगत नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

१९७१च्या जूनमध्ये शेजारच्या पट्ट्यावरच्या आर्नल्डने अलॉटमेंटच्या कमिटीकडे तक्रार केली. हा मोज्यांच्या कारखान्यातून रिटायर झालेला, करड्या मिशांचा, कमी बोलणारा म्हातारा. हे तण आहे, याचं बी उडून सगळीकडे पसरेल, असं त्याचं म्हणणं. तण ठरलं तर पट्टा काढून घेऊ, असं पत्र आलं. वहिनी रडल्या. या देशात स्वतःची म्हणावी अशी तेवढीच माती त्यांच्याकडे होती.

कमिटीने मिस टॉमलिन्सन नावाच्या निवृत्त शिक्षिकेला पाठवलं. बाई भिंग घेऊन गुडघ्यांवर बसल्या. पानं सगळी जमिनीलगत, देठावर काळी लव, शेंड्याला एक फूल उमललेलं आणि त्याला बिलगून कळ्यांचा झुबका, देठ मोडला की पांढरा चीक. हे हॉकवीड, त्या म्हणाल्या. इकडे लोक याला कोल्हा आणि पिल्लं म्हणतात. कसल्याही थंडीला दाद न देणारं. लोक हौसेने लावतात आणि मग पस्तावतात. झेंडूला उग्र वास असतो, हुंगून बघा, म्हणून त्यांनी एक फूल वहिनींपुढे धरलं. वहिनी दोन पावलं मागे सरल्या आणि त्यांनी आईचा दंडक सांगितला. आर्नल्ड कुंपणापाशी उभा राहून ऐकत होता.

मग बाईंनी आजूबाजूचे पट्टे तपासले. एकही रोप सापडलं नाही. सापडणार कसं? सहा वर्षांत वहिनींनी एकाही फुलाला बी धरू दिलं नव्हतं. निकाल लागला: मुळं पसरू नयेत म्हणून रोप कुंडीसारखं जुन्या दगडी सिंकमध्ये लावायचं आणि एकाही फुलाचं बी होऊ द्यायचं नाही. झालं तर पट्टा गेला.

घरी येऊन वहिनींनी देवापुढे कान धरले आणि तशाच हसत सुटल्या. म्हणाल्या, "इतकी वर्षं त्याने ॲडजस्ट केलं, आता सवय झाली असेल."

१९७३च्या जूनमध्ये मुंबईला त्यांच्या भाचीचं लग्न निघालं. ऐन बहरात तीन आठवडे नसायचं, डॉक्टरांना ड्यूटी, आणि आम्ही तर दूर मेडनहेडला राहायला गेलेलो. रोप उपटायला त्यांनी खुरपं हातात घेतलंसुद्धा. आर्नल्ड कुंपणापलीकडून म्हणाला, राहू दे, मी बघतो, तू जा. पण तक्रार करणारा तोच, त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा? लग्नात वहिनींचं निम्मं लक्ष सिंकमध्येच होतं.

परतल्या तेव्हा विमानतळावरून मीच त्यांना लेस्टरला घेऊन गेले. घराआधी अलॉटमेंट. सिंकमध्ये नुसत्या कळ्या. एकाही फुलाची बी घेऊन उडणारी म्हातारी झालेली नव्हती. शेडचं दार उघडलं तर गणपतीपुढे तंबाखूच्या डबीच्या झाकणात सुकलेल्या केशरी फुलांचा ढीग, आणि वर आज सकाळची ताजी.

आर्नल्ड घेवड्याच्या वेलातून पाठ सरळ करत उठला. रोज नाश्त्याआधी आलो, म्हणाला. मग जरा घुटमळला आणि टोपी हातात घेऊन म्हणाला, "एकही हुंगलं नाही."