दातदुखीच्या देवापुढे बाबा

इंग्लंडच्या व्हिसासाठी आपण परत जाणार असल्याचा पुरावा द्यावा लागतो, हे कळल्यावर बाबांनी अर्ज भरायलाच नकार दिला. ज्यांना इथून घालवायला दीडशे वर्षं लागली, त्यांना मी परत जाण्याची हमी द्यायची का, हा त्यांचा मुद्दा. मग भेटायचं ठरलं काठमांडूत. भारतीयाला तिथे व्हिसा लागत नाही. बाबा नागपूरहून आले, मी लेकीला घेऊन नॉटिंगहॅमहून. सहा वर्षांच्या त्या पोरीने आजोबांना आजवर फक्त फोनवर पाहिलं होतं. हातात चार दिवस होते आणि तेवढ्यात तिने एकदा तरी आपणहून त्यांच्याजवळ जावं, एवढंच मला हवं होतं.

पहिले तीन दिवस ती माझ्या जॅकेटमागून बाहेर आली नाही. दोष बाबांचाच. माणूस बौद्ध धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा घेऊन जन्मभर जगला. देवापुढे कधी वाकला नाही, कपाळाला गंध लावून घेतलं नाही. काठमांडूत तर पावलागणिक देव. स्तूपाला खेटून देवीचं देऊळ बघून ते संतापले. बौद्धांनी प्रार्थनाचक्रं फिरवावीत हेही त्यांना पटेना. चाक फिरवून पुण्य लागत असतं तर नागपूरचे रिक्षावाले केव्हाच निर्वाणाला पोचले असते, असं त्यांनी एका भिक्खूला हिंदीत ऐकवलं. भिक्खू हसला आणि मोबाइल बघत पुढे गेला. लेकीला एवढंच कळलं की हे आजोबा सगळ्यांना रागावतात.

चौथ्या दिवशी असनच्या बाजारातून, मुळ्यांचे ढीग आणि स्कूटर चुकवत, आम्ही दातदुखीच्या देवाकडे पोचलो. देव म्हणजे भिंतीला लावलेला लाकडाचा ओंडका. दात दुखला की लोक त्यावर नाणं ठेवून खिळा ठोकतात. आता लाकूड कमी आणि लोखंड जास्त. आजूबाजूला सगळ्या दातांच्या डॉक्टरांच्या पाट्या, म्हणजे देवावर कोणाचाच पुरता भरवसा नाही. बाबांना भाषणासाठी याहून चांगली जागा मिळाली नसती. त्यांनी सुरुवातही केली.

नेमका तेव्हाच लेकीचा हलता दात पडला, भर गर्दीत, रस्त्यावर. तिने भोकाड पसरलं. मी बाबांना सांगितलं की इंग्लंडात पोरं पडलेला दात उशीखाली ठेवतात आणि परी येऊन तो नेते. दात नाही तर परी नाही. सांगता सांगताच मी घाबरले. आता हे परीचंही खरं-खोटं करणार.

बाबांनी भाषण थांबवलं आणि गुडघे टेकले. देवासमोर, सांडलेले तांदूळ आणि कबुतरांची घाण चिवडत ते दात शोधू लागले, कपाळ जवळजवळ जमिनीला. लोकांना वाटलं, काय भाविक म्हातारा आहे. एका आजीबाईंनी कौतुकाने त्यांच्या कपाळावर लाल टिळा लावला. बाबांनी तो पुसला नाही. दोन्ही हात कामात होते.

दात सापडला. लेक माझ्यामागून निघाली आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"आजोबा, परी इकडे पण येतो?"

बाबांनी दात रुमालात बांधला. जन्मभर गावोगावची भुतं आणि अंगात येणाऱ्या देव्या खोट्या पाडत आलेल्या माणसाने ती पुरचुंडी तिच्या हातात ठेवली.

"येते," ते म्हणाले. "मी स्वतः पाहिलीये."